धुरावताना धग दोन तासांत का मरते आणि धूर कडू का होतो : लाकडी कोळशाची निवड व पारख

झाकणाच्या केटल ग्रिलमध्ये, म्हणजे गोल भांड्याच्या आकाराच्या कोळशाच्या शेगडीत, मंद आचेवर मांस धुरावताना (धुरात तासन्‌तास शिजवताना) एकच तक्रार पुन्हा पुन्हा अनुभवास येते. पहिला तास-दीड तास तापमान १०७ ते १२१ अंश सेल्सिअसच्या अपेक्षित पट्ट्यात स्थिर राहते. दुसऱ्या तासानंतर ते हळूहळू ९० अंशांपर्यंत उतरते, खालची हवेची झडप उघडली तरी काही वेळ काहीच होत नाही, आणि मग अकस्मात ते १५० अंशांपर्यंत चढते. या मधल्या काळात झाकणाखालून पिवळसर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत राहतो आणि मांसाच्या वरच्या थरावर औषधासारखा कडवटपणा बसतो. त्याच गोणीतील कोळशावर आदल्या रविवारी भाजलेली सुरमई मात्र उत्तम झालेली असते, त्यामुळे संशय कोळशावर जात नाही. तो झडपांवर, झाकणाच्या फटींवर, वाऱ्यावर किंवा स्वतःच्या हातावर जातो.

मी पुण्यात इमारतीच्या गच्चीवर ५७ सेंटिमीटर व्यासाच्या केटलमध्ये हा प्रकार सलग दोन हिवाळे सोसला. झाकणाच्या कडेला उष्णतारोधक पट्टी लावली, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला, तापमापक उकळत्या पाण्यात बुडवून तपासला. (पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे १०० न दाखविणारा तापमापक बिघडलेला आहे असे येथे समजू नये.) तापमापक ठीक होता. अखेरीस एका सकाळी दहा किलोची अख्खी गोणी गच्चीवर ताडपत्रीवर उपडी केली, तेव्हा तिच्या तळाशी दोन किलोंच्या आसपास निव्वळ चुरा, एक मूठभर मातीची ढेकळे, आणि बाहेरून काळे पण मोडल्यावर आतून तपकिरी निघणारे बारा-पंधरा तुकडे हाती लागले. बिघाड तिथे होता.

एकच कोळसा, दोन वेगळी कामे

कबाब, मासे, पनीर किंवा कणीस भाजताना आपण कोळसा चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवण्याच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, भरून पूर्ण पेटवतो, त्याच्यावर राखाडी पापुद्रा चढेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे थांबतो आणि मगच निखारे ग्रिलमध्ये ओततो. कोळशात जे काही कच्चे, ओलसर किंवा डांबरी द्रव्य उरलेले असते, ते या अवधीत उघड्या हवेत जळून किंवा उडून जाते आणि अन्नापर्यंत पोहोचतच नाही. धुरावण्याच्या वेळी क्रम उलटा असतो. न पेटलेला कोळसा खाली पसरायचा, त्यावर मूठ-दीड मूठ पेटलेले निखारे ठेवायचे, आणि विस्तव एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे सावकाश सरकू द्यायचा, ही सहा-सात तास आच टिकविण्याची मान्य रीत आहे. या रीतीत प्रत्येक नवा तुकडा झाकणाखाली, अन्नाच्या सान्निध्यात आणि अपुऱ्या हवेत पेट घेतो. म्हणजे चिमणीत जो पांढरा धूर आपण आकाशात सोडून दिला असता, तो इथे सहा तास थोडा थोडा करून मांसावर बसत राहतो.

म्हणूनच भाजण्यासाठी निर्दोष ठरलेली गोणी धुरावण्यासाठी नापास होऊ शकते. वखारीत जाताना आपण कोणत्या कामासाठी कोळसा घेत आहोत हे आधी ठरलेले असावे. ते ठरले नसेल तर पुढील कोणतीही पारख उपयोगाची नाही. माझ्याकडे आता दोन पिंपे आहेत, आणि दुसऱ्या दर्जाचा माल मी टाकून देत नाही, तो चिमणीसाठी ठेवतो.

तापमान उतरते तेव्हा प्रथम काय पाहावे

तापमान उतरू लागले की बहुतेकांचा हात आधी झडपेकडे जातो. त्याऐवजी एक लांब सळई घेऊन खालच्या बाजूने कोळशाची जाळी दोन-तीनदा हलकेच ढोसावी आणि दहा मिनिटे वाट पाहावी. तापमान चढू लागले तर इंधन संपलेले नाही, हवेची वाट बुजलेली आहे. चढले नाही तर झाकण उघडून कोळसा किती उरला आहे ते पाहावे. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर संपला असेल तर दोष लाकडाच्या जातीत आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा पहिले उत्तर खरे ठरले.

हवेची वाट बुजणे किती महागात पडते हे समजण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी आहे. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळण्यासाठी सुमारे २.६७ किलो प्राणवायू लागतो, म्हणजे साधारण साडेअकरा किलो हवा, आणि घनफळात बोलायचे तर साडेनऊ घनमीटरच्या जवळपास. ११० अंशांवर चालणारी माझी केटल ताशी पाव किलोच्या आसपास कोळसा खाते, तेव्हा दर तासाला दोन घनमीटरांहून अधिक हवा त्या बोटभर झडपेतून आत येऊन कोळशांच्या मधल्या फटींतून वर जाणे आवश्यक असते. मुठीएवढ्या तुकड्यांच्या ढिगात अशा फटी भरपूर असतात; परंतु त्यावर दोन ओंजळी चुरा पडला की तो वाळूसारखा खाली झिरपतो, जाळीच्या पट्ट्यांमध्ये आणि तुकड्यांच्या बेचक्यांत बसतो आणि वाट बंद करतो. पहिल्या तासात हे जाणवत नाही, कारण विस्तव तेव्हा ढिगाच्या माथ्यावर असतो. तो खाली उतरतो आणि राख चुऱ्यात मिसळते तेव्हा श्वास कोंडतो. आपण झडप उघडतो, थोडी हवा कुठून तरी वाट काढते, चुऱ्याचा एक कोपरा पेटतो, आणि चुऱ्याचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने फार मोठे असल्याने तो भसकन जळून तापमान एकदम वर नेतो. आधी घसरण आणि मग उसळी या जोडीचे इतके साधे कारण आहे.

उपाय त्याहून साधा आहे, पण कंटाळवाणा आहे, म्हणून तो कोणी करीत नाही. बांधकामावर वाळू चाळण्यासाठी तिरकी उभी करतात तशी जाळी घ्यावी, किंवा दोन सेंटिमीटर घरांची लोखंडी जाळी लाकडी चौकटीवर ठोकून घ्यावी, आणि गोणी आणली की त्याच दिवशी सगळा कोळसा तिच्यावरून घालावा. ऐन वेळी चाळणे होत नाही. पाहुणे आलेले असतात. कोळसा उंचावरून टाकू नये, हाताने सरकवावा, नाहीतर चाळतानाच निम्मा चुरा आपण स्वतः तयार करतो. युरोपात बार्बेक्यूच्या कोळशासाठी ईएन १८६०-२ हे मानक आहे, त्यात दहा मिलिमीटरपेक्षा बारीक माल वजनाच्या सात टक्क्यांपर्यंतच चालवून घेतला जातो. माझ्या गोणीत तो त्याच्या जवळपास तिप्पट होता. तो कोळसा बनविणाऱ्याचा दोष असेलच असे नाही, कारण गोणी ट्रकमध्ये, वखारीत आणि टेम्पोत जितक्या वेळा आपटली जाते तितका चुरा वाढत जातो. आणि ढिगाच्या तळातून, फावड्याने भरलेल्या शेवटच्या गोण्यांत तो सर्वाधिक सापडतो.

चाळल्यावर रचनेकडेही थोडे लक्ष द्यावे. जाळीवर सर्वांत खाली मुठीएवढे तुकडे, त्यावर लिंबापासून अंड्याएवढे, आणि अगदी मोठे, नारळाएवढे गोळे असतील तर ते फोडून घ्यावेत. नुसते मोठे तुकडे ठेवले तर उलट अडचण होते: मधल्या पोकळ्या इतक्या रुंद होतात की विस्तव एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी घेत नाही आणि मध्येच थंडावतो.

राखेची परीक्षा घरी करता येते. अर्धा किलो कोळसा वजन करून स्वतंत्र जाळावा, पूर्ण निवल्यावर राख तोलावी. पंधरा-वीस ग्रॅम राख उरली तर कोळसा स्वच्छ आहे. चाळीस ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे वर सांगितलेल्या मानकातील आठ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, तर त्यात साल किंवा माती आहे असे धरून चालावे. राखेत काचेसारखे वितळलेले, दगडासारखे कडक खडे सापडले तर तो वाळू-मातीचाच पुरावा होय. मातीने लिंपलेल्या भट्टीतून कोळसा उकरून काढताना माती येणे अगदी टाळता येत नाही, पण विकत घेताना तिचे पैसे देण्याचे कारण नाही.

कडू धूर : कच्चा कोळसा कसा ओळखावा

लाकूड हवेविना तापवले की प्रथम त्यातील पाणी जाते. २७० ते २८० अंशांच्या आसपास लाकडाचे विघटन स्वतःच्याच उष्णतेवर पुढे चालू लागते आणि भट्टी साधारण ४०० अंशांपर्यंत आपोआप पोहोचते. या टप्प्यावर लाकूड दिसायला पूर्ण काळे झालेले असते, पण त्यात वजनाच्या सुमारे तीस टक्के डांबरी, उडून जाणारी द्रव्ये शिल्लक असतात. आणखी उष्णता देऊन माल ५०० अंशांवर नेला तर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ येते आणि स्थिर कार्बन ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. हा शेवटचा टप्पा वेळ खातो, लाकूड खातो आणि हाती येणारे वजन कमी करतो. कोळसा किलोवर विकला जात असल्याने तो गाळण्याचा मोह भट्टीच्या मालकाला होतो, हे समजण्यासारखे आहे. शिवाय मातीच्या भट्टीत सगळीकडे सारखी उष्णता नसते. कडेचे आणि तळाचे ओंडके कच्चे राहतात आणि मग ते चांगल्या मालात मिसळले जातात.

येथे एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील कोळसाभट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ती उचल घेऊन हंगामभर गाव सोडून जातात आणि त्या उचलीतून वेठबिगारी उद्भवल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. ज्याला आपला माल कोठून येतो हे सांगता येते, अशा विक्रेत्याकडून दोन रुपये जास्त देऊन कोळसा घ्यावा, असे माझे मत आहे. आपला माल माहीत असलेल्या विक्रेत्याच्या कोळशात कच्चे तुकडेही कमी आढळतात, हा माझा अनुभव आहे.

पारख करताना रंगावर जाऊ नये; कच्चा आणि पक्का दोन्ही काळेच. दोन तुकडे एकमेकांवर हलके वाजवावेत. पक्का कोळसा खणखणीत, जवळजवळ धातूसारखा आवाज देतो. कच्चा किंवा ओला तुकडा लाकडासारखा बद्द वाजतो. नंतर तुकडा मोडून पाहावा. पक्क्या कोळशाची मोड स्वच्छ, चकचकीत आणि किंचित काचेसारखी असते, त्यात लाकडाची वर्तुळे स्पष्ट दिसतात. मोडताना तुकडा तंतूंनी फाटला, किंवा आत तपकिरी गाभा दिसला, तर तो लाकूडच आहे. आकारमानाच्या मानाने फार जड लागणारा तुकडाही संशयास्पद समजावा, मात्र तो ओला आहे की कच्चा हे वजनावरून कळत नाही. त्यासाठी मोडावेच लागते.

नवशिक्यांची येथे एक मोठी गफलत होते, आणि ती मीही केली आहे. जो कोळसा झटकन पेटतो तो चांगला, असे वाटते. वस्तुतः उडनशील द्रव्ये जास्त असलेला कोळसा लवकर पेट घेतो, मोठ्या ज्वाळेने जळतो, शिवाय तो टणक असतो आणि गोणीत कमी फुटतो. पूर्ण भाजलेला कोळसा पेटायला हट्टी, पण जळायला स्वच्छ असतो, आणि हाताळताना अधिक ठिसूळ. म्हणजे वखारीत सर्वांत देखणे, अखंड, एकाच काडीत पेटणारे तुकडे दाखवले गेले तर धुरावण्यासाठी ते घेण्यापूर्वी दोन वेळा विचार करावा. चिमणीत पेटवून कबाब करायचे असतील तर मात्र खुशाल घ्यावेत.

शेवटची कसोटी चिमणीचीच. गोणीतील निरनिराळ्या थरांतून मूठ-मूठ कोळसा घेऊन अर्धी चिमणी भरावी आणि कोणताही द्रव न वापरता, कागद किंवा नारळाच्या शेंडीने पेटवावी. पहिली दहा-पंधरा मिनिटे पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. वरचे तुकडे पेटल्यानंतरही, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या पुढे, तो थांबत नसेल आणि त्याला डांबराचा किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास असेल, तर ती गोणी धुरावण्यासाठी बाद. रॉकेल किंवा पेट्रोल वापरून ही परीक्षा करण्यात अर्थ नाही, कारण मग वास कशाचा हे ठरवता येत नाही. आणि अन्नासाठी ते वापरूही नये.

बाद ठरलेल्या गोणीतील कोळशावर धुरावणे अगदी अपरिहार्यच असेल, तर एक तडजोड आहे. सगळा कोळसा चिमणीत पूर्ण पेटवून घ्यावा, केटलमध्ये ओतून सर्व झडपा बंद कराव्यात आणि तो आपोआप विझू द्यावा. दुसऱ्या दिवशी राख झटकून हाच कोळसा वापरला तर कडू धूर जवळजवळ नाहीसा होतो. यात एक तृतीयांश इंधन वाया जाते, पण मटणाची अख्खी रान वाया जाण्यापेक्षा ते परवडते.

धुराची चव कोळशातून येते हा समज येथेच सोडून द्यावा. चांगल्या कोळशाला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो. चव द्यायची असेल तर आंबा, पेरू किंवा जांभळाच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे निखाऱ्यांवर ठेवावेत. कडुलिंब टाळावा, कण्हेर विषारी असल्याने तिचे लाकूड जवळही आणू नये.

ठिणग्या आणि तडतड

पावसाळ्यात कणसाच्या गाडीसमोर उभे राहिलेल्या प्रत्येकाने ठिणग्यांचा सडा पाहिला आहे. पंख्याने वारा घातला की शेगडीतून चांदण्या उडाव्यात तशा त्या उडतात. वाऱ्याने बारीक चुरा उडतो हे एक कारण. परंतु तडतड आवाजासह तुकड्याचा टवका उडत असेल तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ बाहेर पडण्यासाठी कोळसा फोडत असते. कोळसा सच्छिद्र असतो. भट्टीतून ताजा निघालेला कोळसा जवळजवळ कोरडा असतो, पण उघड्या हवेत तो लवकरच पाच ते दहा टक्के ओलावा शोषून घेतो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारायलाच नको. याखेरीज घाईने भट्टी उघडून पाण्याने विझवलेला माल असतो, आणि वजन वाढावे म्हणून गोणीवर पाणी मारण्याचा उद्योगही चालतो. साल न काढलेले लाकूड आणि बांबूची पेरे हीही तडतडण्याची कारणे आहेत.

ओलावा तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. दोन किलो कोळसा नीट तोलून पत्र्यावर एकेरी थरात पसरावा, दोन दिवस कडक उन्हात ठेवावा, संध्याकाळी झाकून ठेवावा आणि पुन्हा तोलावा. वजन दीडशे ग्रॅमहून अधिक घटले तर आपण कोळशाच्या भावाने पाणी विकत घेतले. ओला कोळसा वाळवला की सुधारतो, कच्चा कोळसा वाळवून पक्का होत नाही. हा भेद लक्षात ठेवल्यास कोणती गोणी परत करायची आणि कोणती गच्चीवर पसरायची हे लगेच ठरते. वाळलेला माल झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या पिंपात ठेवावा. प्लास्टिकचे पिंप चालते, मात्र त्यात आदल्या दिवशीचा विझलेला कोळसा कधीही टाकू नये, कारण बाहेरून गार वाटणाऱ्या तुकड्याच्या पोटात विस्तव बराच काळ जिवंत राहू शकतो.

कोणत्या लाकडाचा कोळसा

मराठीत संतापाने लाल झालेल्या डोळ्यांना खदिरांगाराची उपमा देतात. खदिर म्हणजे खैर, आणि अंगार म्हणजे निखारा. खैराचे लाकूड जड असल्याने त्याचा निखारा प्रखर असतो, हे भाषेने नोंदवून ठेवले आहे. आज खैराच्या तोडीवर कायद्याचे निर्बंध आहेत आणि त्याचा कोळसा शोधत फिरण्याचे कारणही नाही, पण त्यातील तत्त्व उपयोगी आहे: जड लाकूड, जड कोळसा, लांब पल्ल्याची आच.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत बाभूळ प्रथम क्रमांकाची, आणि तिच्या बरोबरीने वेडी बाभूळ, जिला गुजरातीत गांडो बावळ म्हणतात. वेड्या बाभळीची ही अमेरिका खंडातून आलेली काटेरी झाडे कच्छमध्ये आणि तमिळनाडूत रामनाथपुरमकडे इतकी माजली आहेत की तेथे कोळसा पाडणे हा मोठा व्यवसाय झाला आहे. तिचे लाकूड घट्ट, निखारा दीर्घजीवी, आणि ती तोडण्याबद्दल वाईट वाटण्याचे कारण नाही. किनारपट्टीवर सुरूचे लाकूड जळण म्हणून नावाजलेले आहे आणि त्याचा कोळसा मिळाला तर अवश्य घ्यावा. आंब्याचा कोळसा हलका असतो; तो लवकर पेटतो, लवकर संपतो. पापलेट भाजण्यासाठी तो पुरेसा आहे. धुरावण्यासाठी तो घेतला आणि तिसऱ्या तासाला जाळी रिकामी दिसली, तर सळईने ढोसून काही होणार नाही. हेच ते दुसरे उत्तर.

नारळाच्या करवंटीचा कोळसा वेगळा विषय आहे. त्यात राख कमी, धग जबर आणि धूर नगण्य. परंतु सुट्या करवंट्यांचे तुकडे पातळ आणि वाकडे असल्याने ते ताटांसारखे एकात एक बसतात आणि हवा अडवतात. मी तो बाभळीच्या तुकड्यांत चौथ्या हिश्श्याने मिसळतो. दाबून केलेले चौकोनी ठोकळे सारखे आणि शिस्तीत जळतात, पण ते ब्रिकेटच्या वर्गात येतात. ब्रिकेटमध्ये चुरा चिकट पदार्थाने बांधलेला असतो, त्यामुळे राख अधिक. वरील युरोपीय मानक ब्रिकेटला १८ टक्क्यांपर्यंत राखेची मुभा देते, अखंड कोळशाला ८ टक्के. ज्यांना सात तास ग्रिलकडे पाहायचेच नाही त्यांनी चांगले ब्रिकेट घ्यावेत, त्यात कमीपणा नाही.

परदेशी माल कोणी आणून दिला तर त्याची पारख वेगळी करावी लागत नाही. अर्जेंटिना-पॅराग्वेच्या चाको प्रदेशातील केब्राचो या झाडाचा कोळसा अतिशय जड, आणि नीट वाळलेला नसल्यास तडतडणारा. जपानचा बिंचोतान हा कोळसा उबामे ओक या झाडापासून करतात, त्याला शेवटी सुमारे हजार अंशांची आच देतात, आणि तो खरोखर काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणतो. तो पेटवण्यात मात्र अख्खी संध्याकाळ जाते, आणि झाकणाच्या केटलपेक्षा छोट्या उघड्या शेगडीवर तो शोभतो.

एक इशारा विशेष ठळकपणे देणे भाग आहे. आपल्या बोलण्यात कोळसा हा एकच शब्द दोन पदार्थांना लागतो. वखारीत दगडी कोळसाही शेजारीच असू शकतो. तो खनिज आहे, जळताना गंधकाचे वायू सोडतो आणि त्यावर अन्न भाजू नये. तो दगडासारखा जड असतो आणि त्यात झाडाची वर्तुळे दिसत नाहीत.

वखारीत

मी पहिल्यांदा तुकडे वाजवून पाहू लागलो तेव्हा वखारवाले म्हणाले, "साहेब, वरचा घ्या की खालचा घ्या, कोळसा तो कोळसाच." मी वाद घातला नाही. आता मी, "काका, हा माल पाण्याने विझवलेला आहे की माती टाकून?" एवढेच विचारतो. ज्याला उत्तर ठाऊक असते तो थांबून, सावकाश उत्तर देतो, आणि बहुधा आतल्या बाजूची गोणी दाखवतो. पूर्ण गोणी घेण्यापूर्वी दोन किलो नमुना मागावा, तो घरी वरील परीक्षांतून न्यावा आणि मगच मोठी खरेदी करावी. शक्यतो मार्च ते मे या काळात, वर्षभराची. तुकड्यांत सरळ करवतीने कापलेल्या बाजू, प्लायवुडचे थर, खिळे किंवा रंगाचे पापुद्रे दिसले तर तो फर्निचरच्या टाकाऊ लाकडाचा माल आहे. रंगात आणि लाकूड टिकविण्याच्या औषधांत जड धातू असू शकतात, म्हणून असा माल कितीही स्वस्त असला तरी परत करावा. एक लोहचुंबक खिशात ठेवला तर खिळ्यांचा निकाल जागच्या जागी लागतो.

कोळसा कितीही उत्तम असला तरी त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. पावसाची सर आली म्हणून पेटलेली शेगडी बंद बाल्कनीत किंवा खोलीत घेऊ नये. खिडकी उघडी आहे हे कारण पुरेसे नाही.

हे सर्व करूनही, म्हणजे चाळलेला, वाळलेला, पक्का बाभळीचा कोळसा नीट रचूनही तापमान दोन तासांनी उतरत असेल, तर मग केटलकडे वळण्यास हरकत नाही. प्रथम राखेचे भांडे काढून पाहावे, कारण मागच्या वेळची राख न काढता पुन्हा पेटवले की खालच्या झडपेची भोके आतून अर्धी बुजलेली असतात. त्यानंतर वरची झडप पूर्ण उघडी आहे याची खात्री करावी आणि आच फक्त खालच्या झडपेने राखावी. वरची झडप आवळून तापमान आवरू पाहणाऱ्याच्या केटलमध्ये धूर कोंडतो, आणि मग पक्का कोळसाही कडू लागू शकतो.